राजूर रूटची टीम

काकासाहेब : पाच फूट शून्य. डावा गुडघा. राजूर. चेंडू आला की डोळे मिटते. बावन्न वर्षं. राजूर. चपलेवर पळाली. एकोणीस गुण, आपल्याच विरुद्ध. केदारखेडा. बाकावरून उठलीच नाही. राजूर.

शालू : सर, हे काय वाचून राह्यले तुम्ही?

काकासाहेब : तुमची टीम.

शालू : असं तुकड्या-तुकड्यानं वाचलं तर कुणाचंबी वाईटच वाटंल.

काकासाहेब : जोडून वाचलं तर जास्त वाईट वाटतं, शालूताई. मी करून बघितलं. पाच मॅच बसून बघितल्या. सहा टीममध्ये आपण पाचवे. चौतीस वर्षं जालन्यात पोरांना बास्केटबॉल शिकवला, रिटायर झालो, म्हटलं आता शांत बसू. तर तुमच्या रामप्रसाद साहेबांचा फोन. म्हणाले, सीड कंपन्यांच्या बायकांची स्पर्धा चालू आहे, आमच्या ग्रेडिंग हॉलच्या सुपरवायझर शालूबाईंना आम्ही टीमचं मॅनेजर केलं, त्यांनी बारा जणी कशा निवडल्या ते एकदा तपासा आणि एका पानात लिहून द्या. एका पानात. माझी दोनशे पानी वही भरलीय.

शालू : मंग लिहा की. जे दिसलं ते.

काकासाहेब : जे दिसलं ते लिहिलं तर शनिवारी दुसऱ्या फेरीची यादी जाईल तेव्हा त्यावर तुमची सही नसेल.

शालू : माहीत हाय मला. साहेबांनी मलाबी बोलवल्तं. म्हणले, सरांच्या कागदात जे असंल ते होईल, मी त्याच्यात बोट घालणार न्हाई. तुम्ही पास झाल्या तर तुम्ही. न्हाई तर संभाजीनगरचा एक माणूस बघून ठेवलाय. तो कॉलेजच्या पोरी आणतो, तीन महिने आपल्या हजेरीवर नावं चढवतो अन् कप देऊन जातो. मी म्हणलं, मंग आमच्या बायका? तर म्हणले, टाळ्या वाजवायला कुणीतरी लागंलच की.

काकासाहेब : म्हणून तर तुमच्यासमोर बसलोय. मला कागदावर लिहिता येईल असं एक कारण द्या. एकच. निर्णय सातवा.

शालू : पहिल्यापासून घ्या ना, सर.

काकासाहेब : पहिल्यापासून घेतलं की चौथ्यालाच माझं बीपी वाढतं. सातवा. अर्पिता. बावीस वर्षांची, दोन्ही हातांनी बास्केट टाकते, पळता पळता चेंडू कधी सोडायचा ते तिला सांगावं लागत नाही. तिला तुम्ही समोरच्या कंपनीला देऊन टाकलं.

शालू : देऊन न्हाई टाकलं. अदलाबदल केली. दोन्ही कंपन्यांचा ठेकेदार एकच हाय. त्याला म्हणलं, अर्पिताला तिकडं घे अन् तिकडची सोनूबाई इकडं दे.

काकासाहेब : सोनूबाई. चेंडू आला की डोळे मिटते ती.

शालू : आता एकच डोळा मिटते.

काकासाहेब : आणि अर्पितानं दोन्ही डोळे उघडे ठेवून आपल्यावर एकोणीस गुण केले. का, शालूताई? भांडण झालं होतं का तुमचं?

शालू : भांडण कशाला होईल? लग्न झालं तिचं. आधी राजूरची होती, आता सासर अंबड रोडला हाय.

काकासाहेब : मग? अंबड रोडला गेल्यावर हात वाकडा होतो?

शालू : त्या कंपनीचा टेम्पो अंबड रोडनं जातो.

काकासाहेब : टेम्पोचा इथं काय संबंध?

शालू : तुम्ही पुढचं घ्या.

काकासाहेब : दुसरा. पुष्पाबाई. पाच फूट नऊ. अख्ख्या जिल्ह्यात शोधून अशी उंची मिळत नाही. मी वहीत लिहिलं, वा. मग तिला पळताना बघितलं. तिला विचारलं तर म्हणाली, डॉक्टरनं जिना चढायची बंदी केलीय. जिना न चढणारी बाई उडी कशी मारेल? तुम्ही बास्केटखाली कपाट उभं केलंय.

शालू : कपाट असलं तरी समोरच्याला वळसा घालून जावं लागतंच ना?

काकासाहेब : अकरावा. गिरिजाबाई. वय बावन्न. उंची पाच फूट. पाच मॅचमध्ये मैदानावर शून्य मिनिटं. त्या शून्याला मी इतक्या वेळा गोल केला की कागद फाटला. त्यांना विचारलं, बाई, तुमची जागा कोणती? म्हणाल्या, खिडकीपाशी.

शालू : टेम्पोतली सांगितली असंल.

काकासाहेब : तेव्हाच माझ्या डोक्यात शिरलं. तोपर्यंत मी बिचारा निकष शोधत होतो. उंचीवरून घेतल्या म्हणावं तर नाही. वयावरून नाही. एका हॉलच्या म्हणावं तर चार पॅकिंगला, तीन गोदामात. मग हजेरीच्या रजिस्टरातून गावं उतरवून घेतली. राजूर, राजूर, केदारखेडा, पुन्हा राजूर. बाराच्या बारा एका रस्त्यावरच्या. तुम्ही खेळाडू निवडलेच नाहीत. तुम्ही एक टेम्पो उचलून मैदानात आणून ठेवलाय.

शालू : बारा सीटचा हाय.

काकासाहेब : हे लिहू? संघनिवडीचा निकष, बारा सीट?

शालू : आता ऐका मंग. मधी बोलू नका. साडेपाचला सुट्टी होते, प्रॅक्टिस सातपर्यंत. पहिल्या साली मीबी तुमच्यासारखीच निवड केल्ती. हरेक रूटवरच्या दोन-दोन, चांगल्या चांगल्या. आता एका टेम्पोतल्या दोघी इथं थांबल्या, तर बाकीच्या दहा जणी दीड तास कशाला थांबतील? त्यांच्या घरी काय चुली आपोआप पेटतात? त्या निघून जायच्या. मंग ह्या दोघींनी सातला राजूरला जायचं कशानं? आठवडाभरात पाच टेम्पोवाले माझ्याशी भांडले, अन् आठव्या दिवशी मैदानावर मी अन् चेंडू.

काकासाहेब : मग एकाच टेम्पोतल्या चांगल्या सहा घ्यायच्या. बाकी सहा जणी कडेला बसतील गप्पा मारत.

शालू : तेबी केलं. दुसऱ्या साली. गेटवर लालमियाँ चाचा असतात. नियम असा हाय की सहा वाजल्यावर आत फक्त लिस्टवरच्या बायकांनी राहायचं. मी लई विनवणी केली. चाचा म्हणले, बेटी, लिस्ट में नाम नै तो मैं अंदर नै रख सकता, मेरी नौकरी है. त्यांचं बराबरच हाय. मंग त्या सहा जणी गेटबाहेर, लोखंडाच्या ट्रकांच्या मधी, दिवाळीनंतरच्या अंधारात तासभर उभ्या. दुसऱ्या दिवशी एकीचा नवरा मला विचारायला आला, तुम्ही आमच्या बायकांना रोडवर कशाला उभं करून राह्यले. तिसऱ्या दिवशी टेम्पो साडेपाचला निघून गेला.

काकासाहेब : म्हणून बारा.

शालू : म्हणून बारा. बारा नावं लिस्टवर, बारा जणी आत, टेम्पो सातला. ह्या साली टीम पहिल्यांदा शेवटपर्यंत टिकली, सर. पाचही मॅचला आपण पूर्ण बारा. समोरच्या कंपनीला तर एकदा पाचच जमल्यात्या.

काकासाहेब : त्या पाच जणींनी आपल्याला हरवलं.

शालू : ते हाय.

काकासाहेब : कंपनीकडे दुसरी गाडी मागायची.

शालू : मागितली. साहेब म्हणले, आधी जिंकून दाखवा. मी म्हणलं, साहेब, गाडी असल तर जिंकू. ते म्हणले, जिंकलं तर गाडी. असं दोन साल चाललंय.

काकासाहेब : बरं. आता तुम्ही न घेतलेला निर्णय. माझ्या वहीचं शेवटचं पान. महजबीन.

शालू : हं.

काकासाहेब : नुसतं हं? पॅकिंगला आहे, जुन्या जालन्यातून स्कूटीवर येते. बारावीपर्यंत राज्यावर खेळलेली पोरगी. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत डबा संपवते आणि उरलेली पंचवीस मिनिटं एकटी बास्केट टाकत बसते. परवा मी लिंबाखाली बसून मोजलं. चाळीस टाकले, तेहतीस आत. घरी गेलो तर जेवण जाईना. बायको म्हणाली, काय झालं? तिला म्हटलं, एमआयडीसीत असा एक प्लांट आहे जिथं ही पोरगी टीमच्या बाहेर आहे आणि डोळे मिटणारी आत आहे, आणि मला ते एका पानात समजावून सांगायचंय. तिला तर टेम्पो लागतच नाही, शालूताई.

शालू : म्हणूनच राहिली ना ती. तिचं नाव घातलं की टेम्पोतली एक गेटबाहेर. एक बाहेर गेली की तिच्यासाठी दुसरी बाहेर जाती, मंग टेम्पोच जातो.

काकासाहेब : हे तिला सांगितलंत?

शालू : चार वेळा विचारायला आल्ती. तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी ती हॉलच्या पुढच्या दारात दिसली, तर मी मागच्या दारानं निघून गेले. त्याच्यानंतर न्हाई आली.

काकासाहेब : जानेवारीत जिल्ह्याची निवड आहे.

शालू : अन् ते फक्त कंपन्यांच्या टीममधल्याच पोरी बघणार हायेत. तेबी माहीत हाय. ती चोवीसची हाय, तिचे किती साल राहिले तेबी माहीत हाय. मला सगळं माहीत हाय, सर. करायचं काय ते कुणीच सांगत न्हाई. साहेब मॅच मोजतात, तुम्ही बास्केट मोजता, टेम्पोवाला मिनिटं मोजतो.

काकासाहेब : मी सांगतो. गिरिजाबाईंना काढा. पुढचं पुढं बघू.

शालू : न्हाई.

काकासाहेब : शून्य मिनिटं, शालूताई.

शालू : आपण जी एक मॅच जिंकलो, तिच्याबद्दल तुम्ही काय लिहिलं?

काकासाहेब : थांबा, वाचतो. तिसरं क्वार्टर, सात गुणांनी मागे. मॅनेजरनं टाइमआऊट घेतला. सोनूबाईला चेंडूमागे पाठवणं बंद करून त्यांच्या आठ नंबरच्या खेळाडूपुढे नुसतं उभं केलं, डाव्या बाजूला. मॅच फिरली. उत्कृष्ट निर्णय. अख्ख्या वहीत हा शब्द एकदाच आहे.

शालू : तो मी घेतला न्हाई.

काकासाहेब : मग कोणी?

शालू : गिरिजामावशीनं मागून माझी बाही ओढली. म्हणल्या, ताई, ती आठ नंबर दर वेळी डाव्या अंगानंच निघून राह्यली. ती घाम पुसायला थांबली की त्यांचं सगळंच थांबतंय. सोनूला म्हणा निस्ती तिच्यापुढं उभी राह्य, चेंडूकडं बघायचं कामच न्हाई. सोनूला तर लई बरं वाटलं. डोळे मिटून जमण्यासारखं होतं.

काकासाहेब : आणि हे तुम्ही मला आज सांगताय. मॅचनंतर मी तुमच्याशी हात मिळवला होता.

शालू : तुम्ही उत्कृष्ट म्हणले, सर. मला आजवर कुणी म्हणलं नव्हतं.

(गिरिजाबाई येतात. डोक्यावर पदर, पायात शाळेच्या पोरांचे पांढरे बूट.)

गिरिजाबाई : ताई, पोरी पळायला लागल्यात. म्या मोजल्या, अकरा हायेत. म्या बाकावर जाऊ का?

काकासाहेब : जरा इथं बसा, गिरिजाबाई. त्या दिवशी ती आठ नंबरची डावीकडून निघते, हे तुम्हाला कसं दिसलं? मला दिसलं नाही. मी चौतीस वर्षं हेच काम केलंय.

गिरिजाबाई : तुमी चेंडूकडं बघत असताल.

काकासाहेब : सगळेच चेंडूकडे बघतात.

गिरिजाबाई : म्या सोळा वर्षं बेल्टवर हाय, सर. मक्याचं बी म्होरून पळत असतंय, खराब दाणा उचलायचा. नव्या बायका एका दाण्याच्या मागं लागत्यात, तवर धा खराब निघून जात्यात. म्या कोणत्याच दाण्याकडं बघत न्हाई. सगळा बेल्ट एकदम डोळ्यात घ्यायचा. जो येगळा चालतो त्यो आपसूक दिसतो.

काकासाहेब : आणि आपल्या बेल्टवर काय दिसतं?

गिरिजाबाई : बोलू का, ताई?

शालू : बोला, मावशी. आज सगळेच बोलून राह्यले.

गिरिजाबाई : पुष्पा दमली की कमरंवर हात ठिवती. तव्हाच तिला बाहेर घ्यायचं, गुडघा दुखायच्या अगुदर. दहा मिन्टांनी ती पुन्हा चालती. ताई तिला पडस्तोवर ठिवत्यात. केदारखेड्याच्या दोघी भांडल्यात, त्या एकमेकींला चेंडू देत न्हाईत, त्यांला एका टायमाला खेळवू नगं. अन् ती पॅकिंगची महजबीन, दुपारी एकटीच खेळती ती. तिला घेतलं तर बाकीच्या चौघी निस्त्या उभ्या राहिल्या तरी भागंल. तिला का घेत न्हाई आपण?

शालू : तिला घेतलं तर तुमचं नाव जातंय, मावशी.

गिरिजाबाई : मपलं? मंग जाऊ द्या की. म्या बाहेर बसन.

शालू : गेटबाहेर कुणाला बसू देणार न्हाई मी. एकदा बघितलंय ते.

गिरिजाबाई : तेबी खरं. अन् खरं बोलू का, सर? मला जायचंबी न्हाई. घरी गेलं की सैपाक, भांडे, सुनंचं कायतरी. हितं दीड तास मला कुणी काय मागत न्हाई.

काकासाहेब : शालूताई, गेटवरच्या लिस्टवर एकूण नावं किती?

शालू : चौदा. बारा खेळणाऱ्या, एक कोच, एक मॅनेजर.

काकासाहेब : कोच कोण लावलाय?

शालू : राधेश्याम सर, शाळेतले पी.टी.चे. तिथं सर्टिफिकेटवाला माणूस लागतो. ते फक्त मॅचच्या दिवशी येतात.

काकासाहेब : मॅनेजरला सर्टिफिकेट लागतं?

शालू : न्हाई. कंपनीचा माणूस पाहिजे, बास.

काकासाहेब : कोणीही चालतो.

शालू : सर, तुम्ही काय बोलून राह्यले ते मला कळून राह्यलं.

काकासाहेब : मी अजून काही बोललो नाही.

शालू : तुम्ही नकाच बोलू. मी बोलते. मी सुपरवायझर हाय, माझा वेगळा पास हाय. चाचा मला कधीबी आत सोडतात. माझं स्वतःचं वाहन हाय. लिस्टवर माझं नाव असलं काय, नसलं काय, मी प्रॅक्टिसला येऊ शकते. म्हणजे चौदातली एक जागा सगळा सीझन मी अडवून बसले. अन् मी बारात जागा शोधून राह्यलते.

काकासाहेब : हो.

शालू : तुमच्या वहीत हे होतं का?

काकासाहेब : नाही. मीही बारातच शोधत होतो.

गिरिजाबाई : काय चाललंय, मला कळंना.

शालू : तुम्हाला मॅनेजर करायचं चाललंय, मावशी. तुमच्या जागेवर महजबीन.

गिरिजाबाई : आन् तुमी?

शालू : मी काय, हॉलवर हायेच ना.

गिरिजाबाई : मॅनेजरला पळावं लागतंय का?

काकासाहेब : नाही.

गिरिजाबाई : सही?

काकासाहेब : करावी लागते. शनिवारीच, यादीवर.

गिरिजाबाई : सही येती मला, बचत गटात शिकले. पर ताई, ही जागा तुमची हाय. चेंडू कसा धरायचा हे आमाला तुमी शिकवलं. तुमच्या तोंडून न्हाई आलं तर म्या न्हाई घेत.

शालू : माझ्या तोंडून काढू नका, मावशी. मी हो म्हणलं तर मी बाहेर. न्हाई म्हणलं तर ती पोरगी जानेवारीतबी एकटीच बास्केट टाकत बसणार, नायतर संभाजीनगरचा माणूस येऊन सगळ्यांनाच बाहेर काढणार. ह्याच्यात माझ्या हो-न्हाईला जागा कुठं ठेवली कुणी? सर, लिहा तुम्ही. जल्दी लिहा.

काकासाहेब : मॅचच्या वेळी बाकावर फक्त यादीतली माणसं बसतात. तुम्हाला माहीत आहे ना?

शालू : माहीत हाय.

काकासाहेब : तुम्हाला प्रेक्षकांत बसावं लागेल. मी असेन तिथं.

शालू : तुम्ही मॅचमधी लई बडबड करता.

काकासाहेब : लिहितो. अर्पिताला दुसऱ्या कंपनीला देणं, चूक. पुष्पाबाई, निवड बरोबर, वापर चूक. सोनूबाई, प्रगती आहे. टेम्पो. टेम्पोचं काय लिहू? चूक म्हणवत नाही, बरोबर म्हणायला जीभ रेटत नाही.

शालू : पाचही मॅचला बारा जणी हजर होत्या, एवढंच लिहा.

काकासाहेब : लिहिलं. यावरून मॅनेजर बदलावा. नवीन मॅनेजर, गिरिजाबाई, ग्रेडिंग. त्यांच्या जागी खेळाडू, महजबीन, पॅकिंग. बाकी अकरा जणी त्याच ठेवाव्यात. बाहेरून कोणी आणण्याची गरज नाही. बसलं एका पानात. तुमच्या कामाबद्दल एक ओळ शिल्लक आहे.

शालू : राहू द्या मोकळी.

गिरिजाबाई : ताई, त्या पोरीला कोण सांगन? म्या सांगू?

शालू : न्हाई. मी सांगते. उद्या सकाळी पॅकिंगला जाऊन. तुम्ही जा मैदानावर, अकरा जणी तुमची वाट बघून राह्यल्या.

काकासाहेब : सही करू ना? अजून काही म्हणायचं असेल तर आत्ताच बोला, शालूताई. नंतर मला फोन करू नका.

शालू : बास्केटचे दोन खांब पहिल्या सालच्या मार्चमधी आल्ते, सर, टीम व्हायच्या अगोदर. वेल्डर भेटंना म्हणून अठरा दिवस गेटच्या आत आडवे पडून होते. मी रोज सकाळी आल्याबरोबर बघायची, दोन्ही हायेत का.